सोसणाऱ्या भिंती

भिंतीला कान असतात, हे आपल्याला लहानपणीच सांगितलं जातं. सांगणाऱ्याला बहुधा शेजारच्या भिंतीला स्वतःचा कान लावायची सवय असते, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या लक्षात आधी येते. पुढे शाळेत गेल्यावर भिंत चालतेही, असं कळतं. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले. भिंतीविषयीचं एवढं ज्ञान मध्यमवर्गीय माणसाला जन्मभर पुरतं. फार तर आणखी एक अनुभव गाठीला असतो. आपण कॅलेंडरसाठी खिळा ठोकला की पलीकडच्या बिऱ्हाडातला फोटो पडतो.

पण भिंतीला ताप येतो, तिला पोट सुटतं, ती दमते, आणि सोसवेनासं झालं की खरोखरच चालायला लागते, हे मला फार उशिरा कळलं. ही भिंत घराची नव्हे. मोटारीच्या इंजिनातल्या सिलिंडरची. तिथे भिंतीने चाललेलं चालत नाही, एवढाच काय तो आळंदीशी फरक.

सिलिंडर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर उभा राहतो आणि पाठोपाठ तो पाहुणे आल्यावर नेमका कसा संपतो, ही व्यथाही उभी राहते. मोटारीतला सिलिंडर त्या मानाने चिमुकला. चहापत्तीच्या डब्याएवढी गोल पोकळी. तिच्यात पिस्टन नावाचा दट्ट्या खाली-वर करतो. दट्ट्याच्या डोक्यावर पेट्रोल आणि हवा येते, ठिणगी पडते, भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि आपण दादरला पोचतो. मधले तपशील मी गाळले आहेत. पण मुख्य कथानक हेच.

आता हा भडका म्हणजे आपल्या स्टोव्हचा भडका नव्हे. साधं पेट्रोल इंजिन जोर लावून चाललेलं असताना आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साठेक किलोपर्यंत जातो. दट्ट्या 75 मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याच्या डोक्यावर सुमारे पावणेतीन टन. थोडक्यात एक हत्तीण. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनात ही हत्तीण प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा बसते आणि 25 वेळा उठते. शिवाय दट्ट्याला खालून धरणारा दांडा तिरपा होत असतो, म्हणून प्रत्येक बैठकीला दट्ट्या बाजूच्या भिंतीला एक कोपरखळीही मारतो. ते सगळं काही मिलिमीटर जाडीची भिंत सोसते. वर आतली आग सोसते ती वेगळीच. पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच गाडी ओढतो. तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्यातला बराचसा ह्या भिंतीतून पलीकडे खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे ह्या भिंतीला कामं दोन. दाब आत धरून ठेवायचा आणि ताप बाहेर जाऊ द्यायचा. वाचकांनी ही दोन कामं कृपया लक्षात ठेवावीत. पुढे परीक्षेला आहेत.

हे सगळं मला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण मला एक भाचा आहे.

भाचा इंजिनिअर आहे आणि त्याच्याकडे एक जुनी जपानी मोटार आहे. गाडी चांगली चालते. हीच त्याची तक्रार. चांगली चालणारी गाडी आणखी चांगली चालावी म्हणून तिला टर्बो बसवायचा, असं त्याने ठरवलं. टर्बो ही कल्पना मात्र मला ऐकताक्षणीच आवडली, कारण ती आपल्या घरांतल्या संस्कारांत अगदी चपखल बसणारी आहे. धूर वायाच जाणार असतो. जाता जाता त्याच्याकडून एक चक्र फिरवून घ्यायचं आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या एका स्विस इंजिनिअराने 1905 साली ह्याचं पेटंट घेतलं. त्याच्या आईने शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकताना त्याने लहानपणी पाहिलं असावं, असा माझा कयास आहे.

हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त. पेट्रोल जास्त, म्हणून भडका मोठा. बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच दाब टर्बोने वरून दिला, तर इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा शिरते. आतला दाब मग शंभरीच्या पुढे जाऊ शकतो. पावणेतीन टनांचे साडेचार टन. हत्तीण उठली आणि तिच्या जागी सुळेवाला येऊन बसला. भिंत मात्र तीच.

“मग ती सोसते?” मी विचारलं.

“म्हणून तर ती आतून बळकट करायची, मामा,” भाचा म्हणाला.

मी त्याला कायद्याचा धाक घालून पाहिला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं आहे की कारखान्याने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करता येणार नाहीत. त्यावर तो म्हणाला, की ही गाडी रस्त्यासाठी नाहीच. ती फक्त शर्यतीच्या पट्टीवर पळणार. 2010 नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या होत्या, त्यांच्या चित्रफिती पाहून हे वेड त्याच्या डोक्यात शिरलं. पाव मैलाची शर्यत. म्हणजे 402 मीटर. आमच्या घरापासून पिठाची गिरणी बरोबर तेवढ्याच अंतरावर आहे. तिथे मी दळण घेऊन पायी जातो. पण ते असो.

ज्या मिस्त्रीकडे हे काम द्यायचं होतं, तो भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीचा. भिवंडीहून वाड्याकडे निघालं की अंबाडीच्या आसपास हे गाव लागतं. आधी गोदामं, मग गोदामं, मग ट्रक, मग पुन्हा गोदामं, आणि मग एकदम भातशेती आणि डोंगर. ह्या रस्त्याने प्रवास केल्यावर मनुष्याच्या मनात शॉक ॲब्सॉर्बर ह्या वस्तूविषयी नितांत आदर निर्माण होतो. पुढे वज्रेश्वरी जवळ, म्हणून भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याबरोबर निघाली. ताईला देवीचं दर्शन घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर तिला चार तास घराबाहेर पडायचं होतं आणि देवी हे त्यासाठी सर्वांना मान्य होणारं एकमेव कारण होतं. ताईच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, आणि त्यांचं सगळं ताई करते. ताईला दोन दीर आहेत. एक पुण्याला, एक नाशिकला. ते दिवाळीला येतात, आईच्या पाया पडतात, ताईला साडी देतात आणि म्हणतात, “वहिनी, तुम्ही म्हणून करता हो! दुसरी असती तर...” दुसरी असती तर काय झालं असतं, हे वाक्य आजवर कुणी पुरं केलेलं नाही.

मिस्त्रीची शेड म्हणजे इंजिनांचं धर्मार्थ रुग्णालय. ट्रकची, पंपाची, ट्रॅक्टरची इंजिनं पोटं उघडी टाकून ओळीने पडलेली. भाच्याने सांगितलं, “स्लीव्ह बसवायची आहे.”

ताई मला हळूच म्हणाली, “हाफ की फुल?”

स्लीव्ह म्हणजे ब्लाउजची बाही नव्हे, सिलिंडरच्या आत बसवायची लोखंडी नळी, हे मिस्त्रीने तिला न हसता समजावून सांगितलं. मला हा मनुष्य तेव्हाच आवडला. मग त्याने भाच्याचं उघडं इंजिन दाखवलं. पाण्याच्या परातीत चार पेले उभे करून ठेवावेत तसे चार सिलिंडर. तळाशी पक्के, काठाला मोकळे. भोवतीने पाणी खेळायला जागा. भाचा म्हणाला, हाच ह्या इंजिनाचा कमकुवतपणा. दाब वाढला की हे मोकळे काठ हलतात, सिलिंडर “चालायला” लागतो, वरचं पॅकिंग फुटतं, नाहीतर भिंतीला उभी चीर जाते.

मिस्त्री म्हणाला, “भाऊ, कमकुवत नाही म्हणायचं. ज्या दाबासाठी केलंय त्याला हे लई झालं. वरचं तोंड जास्त तापतं, म्हणून तिथं पाणी पोचावं असं मोकळं ठेवलंय. तुम्ही दाब वाढवणार, मग हे कमकुवत ठरणार.”

मला वाटतं, नीतिशास्त्राचा अर्धा ग्रंथ त्या वाक्यात होता. काल पुरून उरणारी भिंत आज कमकुवत ठरते, आणि तिच्यात तर एका केसाचाही फरक पडलेला नसतो. फरक पडलेला असतो तो गाडी चालवणाराच्या हौसेत. पण नाव कुणाचं होतं? भिंतीचं. घरात वर्षानुवर्षं सगळं उरकणारी बाई एके दिवशी आजारी पडली, की आपण म्हणतो, “अलीकडे हिला काही झेपत नाही.” हत्तिणीच्या जागी सुळेवाला कुणी आणून बसवला, ते विचारायचं आपल्याला सुचत नाही.

भिंत बळकट करायचे मार्ग तीन, असं मिस्त्रीने सांगितलं.

पहिला मार्ग स्वस्तातला. सिलिंडरचे मोकळे काठ आणि बाहेरची भिंत ह्यांच्या मधल्या फटीत एक धातूचं कडं ठोकून बसवायचं. काठ हलायचे थांबतात. पण त्याच जागी पाण्याची वाट अडते आणि सगळ्यात जास्त तापणारा भाग नेमका कोरडा पडायची भीती असते. शिवाय कड्याने जिथे आवळलं तिथे सिलिंडरची गोलाई बिघडू शकते, आणि वरचा जोर खाली सरकून चीर कड्याच्या खाली जाते. कडं शाबूत राहतं. बसवणारा समाधानी असतो.

हे कडं मी ताबडतोब ओळखलं. ते दर दिवाळीला ताईच्या घरी येतं आणि त्याला जरीचा काठ असतो. आपल्याकडे कौतुक ही आधार देण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे. “तू किती सोशिक!” म्हटलं की समोरच्याला हलताच येत नाही. हललं तर सोशिकपणा गेला. कौतुक खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. दीर मनापासूनच म्हणतात. पण मनापासून ठोकलेलं कडंसुद्धा पाण्याची वाट अडवतंच.

दुसरा मार्ग ऐकून मी चाट पडलो. सिलिंडरच्या भोवतीने पाणी खेळायची जी पोकळी असते, तिच्यातच सिमेंटसारखा घट्ट बसणारा मसाला ओतायचा! मसाला आवळला की भिंत अशी भक्कम होते, की ती हलायचं नाव घेत नाही. काही जण पोकळी तळापासून अर्धीच भरतात, काही काठोकाठ.

“मग हेच करावं की!” मी म्हणालो. सिमेंट ह्या पदार्थावर आमच्या पिढीची फार श्रद्धा. ज्या काळात ते परमिटवर मिळायचं त्या काळात आम्ही वाढलो.

तेव्हा ताईने विचारलं, “आणि मग आतला ताप जातो कुठे?”

मिस्त्रीने हातातलं फडकं खाली ठेवलं. “ताई, एवढाच तर सवाल आहे,” तो म्हणाला. “जात नाही. काठोकाठ भरलेलं इंजिन पाव मैल पळतं. तेवढ्यापुरतं त्याच्यासारखं भक्कम काही नाही. पण बाजाराला जाऊन यायचं म्हटलं तर वाटेतच तापून बसेल.”

मला माझ्या ओळखीची किती तरी माणसं आठवली. सगळ्या पोकळ्या बुजवून टाकलेली. गाणं सोडलं, पत्ते सोडले, मित्रांकडे जाणं सोडलं, संध्याकाळी गॅलरीत उगाच उभं राहणंसुद्धा सोडलं. ह्या सगळ्या फालतू पोकळ्या आहेत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी तिथे कर्तव्य ओतलं. आपण त्यांना खंबीर म्हणतो, आणि ती असतातही. 402 मीटरपर्यंत. दुर्दैवाने संसाराचं अंतर ह्याहून अधिक असतं, आणि त्यात दळण आणायला रोज जावं लागतं.

तिसरा मार्ग स्लीव्हचा. हा महागातला. जुनी पातळ भिंत कातून काढायची आणि तिच्या जागी चिवट बिडाची नवी नळी बसवायची. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडे कोल्हापूरच्या भट्ट्या त्यासाठी प्रसिद्ध. बिडात शेकडा तीन-चार भाग कर्ब असतो. साध्या बिडात त्या कर्बाचे पातळ पापुद्रे होतात आणि चिरेला पापुद्र्यामागून पापुद्रा अशी आयती वाट मिळते. 1943 साली कीथ मिलिस नावाच्या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या बिडात किंचित मॅग्नेशियम घालून पाहिलं, तर त्याच कर्बाच्या पापुद्र्यांऐवजी बारीक गोळ्या झाल्या. चिरेची सलग वाट मोडली. बीड चिवट झालं, तुटायच्या आधी वाकायला लागलं. काळं तेवढंच, फक्त ते पोटात कसं धरलंय त्यात फरक. कुणाचं दुःख पापुद्र्यांनी पसरतं, कुणाचं गोळी होऊन एका जागी राहतं. ते मॅग्नेशियम माणसाला कोणत्या दुकानात मिळतं, ते अजून कुणी शोधून काढलेलं नाही.

स्लीव्ह बसवण्याचा विधी लग्नासारखा आहे. इंजिनाचा ठोकळा तापवतात, स्लीव्ह थंड करतात, आणि एक फुगलेला, दुसरी आक्रसलेली असताना चटकन जुळवून देतात. दोघं सामान्य तापमानाला आले की एकमेकांना सोडता सोडत नाहीत. पण ठोकळा ॲल्युमिनियमचा असला तर तापल्यावर तो बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, आणि पकड सैल होते. म्हणून स्लीव्हच्या वरच्या अंगाला काठ ठेवतात, म्हणजे ती खाली घसरत नाही. तापट नवऱ्याशी संसार करणाऱ्या बायकांना ह्या तांत्रिक मुद्द्याचं अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

पण मला खरा चकित केला तो पुढच्या कामाने. स्लीव्ह बसली की ती आतून घासून अचूक गोल करायची असते. मिस्त्रीने त्यासाठी इंजिनावर एक जाड लोखंडी पाट ठेवला आणि तो बोल्टांनी खरं झाकण बसवताना आवळतात तितकाच आवळला.

“हा पाट काम झाल्यावर काढायचाच ना?” मी विचारलं. “मग आधी बसवता कशाला?”

“साहेब, बोल्ट आवळले की भिंत वाकडी होते. मोकळी असताना गोल करून काय उपयोग? आवळलेली असताना गोल झाली पाहिजे.”

म्हणजे नीट तयार केलेला सिलिंडर मोकळा असताना किंचित वाकडा दिसतो, आणि ओझं आल्यावर गोल होतो! रविवारी सकाळी, चहा समोर असताना आपण सगळे गोलच असतो. उदार, शांत, समजूतदार. बोल्ट सोमवारी आवळले जातात. ज्यांना आपण जरा तिरसट, वाकडी माणसं म्हणतो, त्यांच्यातलीच काही संकटात एकदम गोल निघतात, ह्याचं कोडं मला त्या शेडमध्ये उलगडलं. आणि काही माणसं मोकळ्या वेळीच मोजली गेल्यामुळे आयुष्यभर गोल म्हणून खपतात, ह्याचंही.

चहा आला. भाच्याने विचारलं, “आता किती दाब दिला तरी चालेल ना?”

मिस्त्री म्हणाला, “आमच्याकडे ट्रकवाले येतात. म्हणतात, कमान पाट्यात एक पाटा वाढव, माल जास्त होतो, गाडी बसते. आम्ही पाटा वाढवतो. गाडी उचलते. महिन्याने तोच माणूस परत येतो. पाटा तुटला म्हणतो. कसा तुटला? तर पाटा वाढवला म्हणून त्याने आणखी दोन टन घातले.”

भिवंडीतला ट्रक कशाला, जगात सगळीकडे हेच चालतं. हापिसात चार माणसांचं काम करणाऱ्या तिघांना शाबासकी मिळते आणि पुढल्या वर्षी त्यांच्यातले दोघेच ठेवतात. आधार दिला की तो आराम म्हणून वापरला जाईल असं देणाऱ्याला वाटतं; घेणारा तो जागा म्हणून मोजतो आणि भरून टाकतो. शिवाय मिस्त्रीचं म्हणणं असं की भिंती नुसत्या दाबाने क्वचितच फुटतात. त्या फुटतात अवेळी भडक्याने. इंजिन आतून ठोकायला लागतं ते मिश्रण फार तापलं, किंवा ठिणगी फार आधी पडली म्हणून. दट्ट्या वर येत असतानाच भडक्याची धडक वरून बसते. तिथे जाड भिंतही टिकत नाही. वेळ सुधारायची, हवा थंड करून घ्यायची, हाव थोडी कमी करायची. त्याला पैसे कमी लागतात, पण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

मग आम्ही वज्रेश्वरीला गेलो. तिथल्या देवीला चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलल्याचं सांगतात. वसईचा कोट 1739 च्या मे महिन्यात पडला. पोर्तुगिजांच्या त्या भिंती समोरून ढकलून पडण्यातल्या नव्हत्या. मराठ्यांनी बुरुजाच्या पायाखाली सुरुंग लावले, तेव्हा खिंडार पडलं. जाड भिंतीही बहुधा वरून जात नाहीत, खालून जातात. देवळापासून जवळच, तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. ताई पाय सोडून बसली. पृथ्वीच्या पाठीची जाडी केवढी! पण तिलाही आतला ताप अशा जागी थोडाथोडा बाहेर सोडावा लागतो, आणि त्याबद्दल तिला कुणी कमकुवत म्हणत नाही. उलट तिथे यात्रा भरते.

आता मूळ प्रश्न. सोसणं हा सद्गुण आहे की नाही?

ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांत एपिक्टेटस नावाचा एक गुलाम होऊन गेला. त्याची गोष्ट अशी सांगतात, की त्याचा मालक त्याचा पाय पिरगाळत होता. हा शांतपणे म्हणाला, अशाने पाय मोडेल. मालकाने आणखी पिरगाळला आणि पाय मोडला. हा तितक्याच शांतपणे म्हणाला, मी सांगत नव्हतो का? शतकानुशतकं लोक ह्या गोष्टीतल्या गुलामाच्या शांतीची वाहवा करत आले. मला मात्र त्या मालकाविषयी दोन शब्द ऐकायची इच्छा आहे. पाय मोडल्यावरही ज्याची शांती ढळत नाही तो थोरच. पण त्याच्या थोरवीचं व्याख्यान पिरगाळणारानेच द्यायला लागावं, ह्यात काहीतरी गफलत आहे. सोसणं हा सद्गुण असेलही. पण तो ज्याचा त्याने निवडायचा असतो. दुसऱ्याच्या सोसण्याची तारीफ करून त्याच्यावरचा दाब वाढवणं, हा कुठल्याच शास्त्रात सद्गुण नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एकनाथ महाराज नाहीत का? नाथ गोदावरीत स्नान करून निघाले, की एक टवाळ मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ न रागावता परत स्नानाला जायचे. तो पुन्हा थुंकायचा, नाथ पुन्हा नदीवर. शेवटी तो शरमला. नाथांची ही शांती आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगतो, आणि सांगावीच. पण त्या गोष्टीत एक पात्र आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. गोदावरी. नाथांनी दर वेळी तो अपमान अंगावर वाळवला नाही, नदीला दिला. शांत माणसाजवळ जाड कातडी नसते, जवळपास एक नदी असते. आपण मात्र घरातल्या सोशिक माणसाला नाथांचं उदाहरण देतो आणि नदीची वाट सिमेंटने बुजवतो.

भाच्याच्या गाडीचं म्हणाल, तर त्याने स्लीव्ह बसवल्या आणि टर्बोचा दाब ठरवला होता त्याच्या निम्म्यावर आणला. ताईने मोठ्या दिरांना फोन केला. भांडली नाही. वर्षातले चार महिने आई पुण्याला, चार महिने नाशिकला, चार महिने आपल्याकडे, आणि न्यायचं जमत नसेल तर त्या महिन्यांत रात्रीच्या बाईचा पगार त्यांनी द्यायचा, एवढं तिने सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही अशा नव्हता हो!” ते अगदी खरं होतं. मोकळ्या असताना त्या थोड्या वाकड्याच दिसतात. मात्र पहिल्या तारखेपासून रात्रीची बाई येऊ लागली, आणि ताई मंगळवारी संध्याकाळी भजनाला जाते. तिथे ती फारसं गात नाही. नुसती बसते. त्या पोकळीत काही ओतू नये, अशी आम्हा सर्वांना ताकीद आहे.

ह्यावरून दाब नसलेलं जग असावं, असं माझं म्हणणं समजू नये. दाब नसेल तर दट्ट्या हलणार नाही, दट्ट्या हलला नाही तर दादर येणार नाही. भिंतींनी सोसायचं असतंच. पण पुढच्या वेळी कुणाला “तुम्ही फार सोशिक हो!” असं म्हणायचा मोह झाला, तर जिभेआधी खाली वाकून आपला पाय कुठे आहे ते पाहावं. ॲक्सिलरेटरवर असेल तर थोडा उचलावा. आणि गुडघ्यांमुळे वाकणं होत नसेल, तर निदान एवढं विचारावं, की हा आतला ताप जातो कुठे?